सदाच्या अर्जाचे शुद्धलेखन

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकले नव्हते. गुडघे आणि इंटरनेट दोन्ही एकदमच बिघडले होते. गुडघे तसेच आहेत, इंटरनेट सुरू झाले.

आज लिहायला बसले ती रागाने, हे आधीच सांगून टाकते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, आमचा बाबू, सिगारेटच्या एजन्सीत भागीदार आहे. (बाबू, तू हे वाचणार हे मला ठाऊक आहे. वाच.) त्याने गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. तंबाखूवरचे कायदे म्हणजे गरीब टपरीवाल्याच्या पोटावर पाय, एसीत बसणाऱ्या लोकांना हातावर पोट असणाऱ्यांचे दुःख काय कळणार, वगैरे वगैरे. खाली एका म्हाताऱ्या पानवाल्याचा फोटो आणि हात जोडल्याची खूण. आमच्या घरातल्या अकरा जणांनी त्याला अंगठे दाखवले, म्हणजे शाबासकीचे. माझा नाही.

मला तो मजकूर ओळखीचा वाटला. छत्तीस वर्षे पेपर तपासले की एक खोड लागते. एकाच गाईडमधून उतरवलेली दोन उत्तरे लांबून ओळखू येतात. अक्षर वेगळे असते, शाई वेगळी असते, पण "सदर कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे" हे वाक्य चाळीस पेपरांत तसेच्या तसे येते. बाबूच्या मजकुरातले एक वाक्य मी आधी वाचले होते. कुठे, ते आठवायला दोन दिवस लागले. मग आठवले. सदाच्या अर्जात!

सदा हा माझा विद्यार्थी. (नाव बदलले आहे, त्याची बायको ब्लॉग वाचते.) आठवीपर्यंत शिकला. हुशार नव्हता असे नाही, पण वडील लवकर गेले आणि आईच्या मागे चार पोरे. आमच्या गडहिंग्लजला शाळेच्या रस्त्यावरच त्याची टपरी आहे. निवृत्त झाल्यावर एकदा मी शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंत पावले मोजली होती, सत्तर भरली. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखूचा पदार्थ विकता येत नाही. माझी पावले काही यार्डाएवढी नाहीत. म्हणजे टपरी चांगलीच आत बसते. हे मी त्याला सांगितले होते. तो म्हणाला, "बाई, टपरी आधीची हाय, कायदा मागनं आला." याला काय उत्तर देणार!

तर जानेवारी २०२१. कोरोनाचे दिवस. सदा मास्क लावून दाराशी उभा. हातात छापील कागद. म्हणाला, "बाई, एवढं शुद्धलेखन बघा की. सही करून द्यायचाय उद्या."

मी वाचला. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने तंबाखू कायद्यात दुरुस्ती करण्याचा मसुदा काढला होता आणि लोकांकडून हरकती मागवल्या होत्या. मसुद्यात काय होते? विकत घेण्याचे वय अठरावरून एकवीस करायचे, सुटी सिगारेट विकायची नाही, दुकानावरची जाहिरात पूर्ण बंद, विक्रीला परवाना, दंड आणि शिक्षा जास्त. अर्जात या सगळ्याला विरोध होता. "मी एक अल्पभूधारक सूक्ष्म किरकोळ विक्रेता असून" अशी सुरुवात. सदाकडे भू नाहीच, मग अल्प कुठली? कोणीतरी शेतकऱ्यांच्या अर्जाचा नमुना घेऊन त्यात विक्रेता घातला असावा. पुढे "अवैध व्यापारास प्रोत्साहन मिळून राष्ट्रीय महसुलाची अपरिमित हानी होईल". मी सदाला विचारले, "अपरिमित म्हणजे काय रे?" तो हसला. मग विचारले, "हे लिहिले कोणी?"

"सायब घिऊन आला. सगळ्या टपऱ्यांना दिलाय."

सायब म्हणजे कंपनीचा माल टाकायला येणारा सेल्समन. कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही. सदाच्या टपरीवरचा दिवे लावलेला मोठा बोर्ड त्यानेच बसवून दिलेला, रंगसंगती पाकिटाचीच. नियम असा आहे की अशा दुकानावर ६० बाय ४५ सेंटिमीटरपेक्षा मोठा फलक नको, त्यावर ब्रँडचे नाव नको, आणि फलकाला दिव्यांचा उजेड तर अजिबात नको. सदाला यातले काहीही माहीत नव्हते. त्याला एवढेच माहीत होते की बोर्डाचे भाडे नाही आणि रात्री गिऱ्हाइकाला टपरी लांबून दिसते.

आता बाबू म्हणेल, मावशी, विक्रेत्यांच्या संघटना खऱ्या असतात, त्यांना मत मांडायचा हक्क नाही का? आहे ना. हक्काबद्दल माझे म्हणणेच नाही. त्याच महिन्यात किरकोळ विक्रेत्यांच्या अखिल भारतीय महासंघानेही हा मसुदा मागे घ्या अशी जाहीर मागणी केली होती. उघडपणे, स्वतःच्या नावाने केली. त्यांचे मत मला पटत नाही, पण ते त्यांचे आहे असे धरून चालू. माझे भांडण आहे ते सदाच्या अर्जाशी. ज्याला त्यातला एक शब्द कळला नाही त्याच्या तोंडी तो घालायचा, आणि मग दिल्लीत जाऊन सांगायचे की पाहा, गरीब काय म्हणतोय!

ही युक्ती आपल्याकडे निघालेली नाही. ऑस्ट्रेलियात २०१० साली सरकारने ठरवले की सिगारेटची सगळी पाकिटे एकाच मळकट रंगाची करायची, ब्रँडचे नाव फक्त साध्या अक्षरांत. ऐन निवडणुकीच्या तोंडावर तिथे "अलायन्स ऑफ ऑस्ट्रेलियन रिटेलर्स" नावाची आघाडी उगवली. टीव्हीवर, वर्तमानपत्रांत जाहिराती सुरू झाल्या. जाहिरातीत कोण? कोपऱ्यावरचा दुकानदार. हे चालणार नाही, मग करता कशाला, असे विचारणारा. पैसे कोणाचे? फिलिप मॉरिस, ब्रिटिश अमेरिकन टोबॅको आणि इम्पिरियल या तीन कंपन्यांचे, पन्नास लाखांहून जास्त डॉलर. पुढे कागदपत्रे फुटली आणि पडद्यामागून मोहीम कोण चालवत होते ते तिथल्या टीव्हीने दाखवले. वूलवर्थ्स आणि कोल्स ही तिथली दोन सगळ्यात मोठी दुकाने तर सुरुवातीलाच अंग काढून मोकळी झाली होती. म्हणजे विक्रेत्यांच्या आघाडीत सगळ्यात मोठे विक्रेतेच नाहीत! कंपन्या पुढे कोर्टात गेल्या, २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध एक अशा हरल्या, आणि डिसेंबर २०१२ पासून पाकिटे मळकट झाली. कोपऱ्यावरची दुकाने तिथे आजही आहेत.

बाबूच्या मजकुरात तोच कोपऱ्यावरचा दुकानदार आहे. फक्त धोतर नेसवले आहे.

त्याच्याही मागे गेलात तर जानेवारी १९५४. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत एक निवेदन छापले होते. आम्हाला लोकांच्या तब्येतीची सगळ्यात जास्त काळजी आहे, संशोधन चालू आहे, अजून काही सिद्ध झालेले नाही, असा एकूण सूर. आणि १९६९ च्या एका कंपनीच्या आतल्या टिपणात तर सरळ लिहिलेले सापडले की शंका हाच आपला माल आहे. मी मराठीची शिक्षिका, व्यापारातले मला काही कळत नाही, पण त्या टिपणाची भाषा मात्र स्वच्छ आहे हे मान्य केले पाहिजे. सदाच्या अर्जापेक्षा कितीतरी बरी.

आपल्याकडे या शंकेचा बाजार भरला २०१५ साली. पाकिटावर इशाऱ्याचे चित्र तोपर्यंत फक्त पुढच्या बाजूला ४० टक्के असायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने नियम काढला की दोन्ही बाजूंना ८५ टक्के. एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. मार्चच्या शेवटी पुढे ढकलला, कारण संसदेची एक समिती त्याचा विचार करत होती. समितीचे अध्यक्ष आपल्याच अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. त्यांनी त्या वेळी सांगितले की तंबाखूने कॅन्सर होतो हे दाखवणारी भारतीय पाहणी नाही, सगळे अभ्यास परदेशातले आहेत. समितीतले एक सदस्य अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता, ज्यांचा स्वतःचाच बिडीचा मोठा व्यवसाय!

हे मी पेपरात वाचले तेव्हा आर. आर. आबांना जाऊन दीड महिनासुद्धा झाला नव्हता. १६ फेब्रुवारी २०१५. तोंडाचा कॅन्सर. अंजनीचे आबा, आमच्याच बाजूचे, तासगाव काही लांब नाही. सत्तावन्न वर्षांचा माणूस. शरद पवारही याच दुखण्यातून गेलेले, आणि तंबाखूच्या सवयीचा पश्चात्ताप त्यांनी जाहीरपणे सांगितलेला आहे. महाराष्ट्राच्या खासदाराला भारतीय पुरावा हवा होता आणि तो महाराष्ट्राच्या राजकारणातच असा समोर होता.

बरे, अभ्यासच पाहिजे असेल तर तोही होता. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या आवारात डॉ. वसंत रामजी खानोलकर नावाचे मराठी शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी आणि डॉ. संघवींनी सहकाऱ्यासह तंबाखू ओढणे-चघळणे आणि तोंडा-घशाचा कॅन्सर यांचा संबंध मांडणारा लेख १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला होता. १९५५! त्या विधानाच्या साठ वर्षे आधी. २००८ साली अकरा लाख भारतीय घरांच्या पाहणीवरून धूम्रपानाने होणाऱ्या मृत्यूंचा हिशोब प्रसिद्ध झाला, वर्षाला दहा लाखांच्या आसपास. घरे भारतीय, मेलेले भारतीय. अजून किती स्वदेशी पाहिजे?

शेवटी ८५ टक्के चित्र एप्रिल २०१६ पासून आले. सिगारेट कंपन्यांनी काही काळ कारखाने बंद ठेवून पाहिले. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम रद्द केला, जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. चित्र राहिले. पण गंमत बघा, चित्र असते पाकिटावर आणि शाळेतले पोर घेते एक सुटी सिगारेट. त्याला ते चित्र दिसतच नाही. सुट्या विक्रीवर महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. सदाच्या टपरीवर सुटी मिळते का? मी विचारत नाही, तो सांगत नाही. टपरीच्या खांबाला सुतळीने बांधलेला लायटर मात्र मला रस्त्यावरून दिसतो.

आता पोटाचा प्रश्न. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही, कारण मी त्याच प्रश्नात वाढले आहे. माझी मावशी निपाणीची. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेले की गाव लागायच्या आधी वास लागायचा. वखारीतून बायका बाहेर पडायच्या तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत तपकिरी, खोकत खोकत. मावशी घरी बिड्या वळायची. हजार बिड्यांवर मजुरी. ठेकेदार मोजायला बसला की मूठभर बाजूला काढायचा, या नीट नाहीत म्हणून. त्यांचे पैसे नाहीत, पण बिड्या तो घेऊन जायचा! १९८१ साली निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी हमरस्त्यावर ठाण मांडले, शरद जोशी होते त्यांच्यात, आणि एप्रिलमध्ये गोळीबार झाला. माणसे गेली. त्यांचे भांडण तंबाखूविरोधी लोकांशी नव्हते, तंबाखूचा भाव पाडणाऱ्यांशी होते. तेव्हा शेतकऱ्याच्या पोटाचा कळवळा या धंद्यातल्या किती जणांना आला होता? कर वाढवायची, चित्र मोठे करायची वेळ आली की मात्र शेतकरी, बिडी कामगार, टपरीवाला असे सगळे ओळीने उभे केले जातात. एरवी ते मोजणीतच असतात.

सदालाच मी त्या दिवशी विचारले, एका पाकिटामागे तुला काय सुटते? तो म्हणाला, जेमतेम एका कटिंग चहाचे पैसे. मग टपरी चालते कशावर? चहावर, बिस्किटावर, रिचार्जवर, पोरांच्या चिक्कीवर. सिगारेट ठेवतो कारण ती ओढायला आलेला चहा घेतो. म्हणजे चहाने सिगारेट ओढायला हवी तिथे सिगारेट चहाला ओढते. (हा विनोद माझ्या सुनेला आवडला नाही. असो.)

मी म्हटले, बस, आपण तुझा खरा अर्ज लिहू. तुला काय पाहिजे ते सांग. सदा बोलायला लागला तसा थांबेचना. टपरीला कायमची जागा पाहिजे, दर दोन वर्षांनी उचलतात. वीजजोडणी स्वतःच्या नावाची पाहिजे. कर्ज पाहिजे, पण सावकाराचे नको. आणि साहेब लोक येतात, पुडी दाखवून नाव लिहून घ्यायची भीती घालतात आणि वरचे वर घेऊन जातात, ते बंद पाहिजे.

हे शेवटचे म्हणणे खरे आहे आणि तिथे मी टपरीवाल्यांच्या बाजूची आहे. गुटखा महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंद. तेव्हापासून पकडला कोण जातो? टपरीवरचा पाच पुड्यांचा मालक. पोत्यांनी गुटखा सीमा ओलांडून येतो, त्याचा कारखाना कुणाला सापडत नाही. कायदा असा खालच्या पायरीवरच राबवला की खालच्या माणसाला तो शत्रू वाटणारच, आणि मग छापील अर्ज घेऊन येणाऱ्याचे काम सोपे होते. परवान्याची अट आली तर त्यातही हप्त्याची नवी वाट निघेल, ही सदाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही.

पण बाबू, मला एवढे सांग. सदाने जे मागितले त्यातले काय त्या छापील अर्जात होते? पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. त्यात पाहणी करून विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचे आहे, असे उठवता येणार नाही म्हटले आहे, नगर समितीत त्यांचे प्रतिनिधी घ्यायचे आहेत. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार रुपये कर्जाची योजना काढली. सदाच्या पोटाची एवढी काळजी होती तर सायबाने त्या योजनेचा फॉर्म आणून द्यायचा. तो आणला मी, माझ्या नातीकडून प्रिंट काढून.

आणि तुझ्या मजकुरात एका पोटाचा हिशोब आहे, दुसऱ्याचा नाही. २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूने झालेल्या आजारांचा आणि मृत्यूंचा देशाला पडलेला भुर्दंड अभ्यासकांनी काढला, एक लाख सत्याहत्तर हजार कोटींच्या वर. कोटी वाचले की माझे डोके चालत नाही, म्हणून आपल्या घरातले सांगते. तुझी आजी, म्हणजे माझी आई, मिश्री लावायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा, पुढे पुढे दर तासाला. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास तुलाही आठवत असेल. दात घासायचे औषध म्हणायची. तिला कुणी जाहिरात दाखवली नव्हती, तिच्या आईने शिकवले. गालाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हा मिरजेला नेले. पुढचे तुझ्या आईला विचार, मुंबईला टाटाच्या बाहेर फुटपाथवर रात्र काढणाऱ्यांत तीही होती. त्या फुटपाथवर बसलेले बहुतेक सगळे हातावर पोट असणारेच होते, एसीत बसणारे नव्हे. आईचे दोन तोळ्यांचे पाटल्यांचे सोने त्या वर्षात गेले. तू तेव्हा चार वर्षांचा होतास.

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले चारातले एकाहून थोडे जास्त प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक चघळणारे, लावणारे. आजीचेच भाऊबंद.

एजन्सी सोड असे मी तुला म्हणत नाही. दोन मुलांची शिक्षणे आहेत, ते मला कळते. धंदा कर, पण धंदा आहे असे म्हणून कर. सदाचा फोटो पुढे करू नकोस.

त्या दिवशी सदाच्या सांगण्यावरून मी दुसरा अर्ज लिहिला. दीड पान झाले. त्याचेच शब्द ठेवले, फक्त ऱ्हस्व-दीर्घ नीट केले. वय एकवीस करायला त्याची हरकत नव्हती, हेही त्यानेच सांगून घातले, कारण त्याचा थोरला तेव्हा सतरा वर्षांचा होता. खाली सही केली, आठवीत करायचा तशीच, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट देऊन.

आठवड्याने मी विचारले, पाठवलास का रे? तो इकडेतिकडे बघायला लागला. सायब आला होता. छापील अर्जावर सही झाली नाही तर बोर्ड काढून नेईन म्हणाला. म्हणून त्या अर्जावर केली सही. माझा अर्ज त्याने घडी करून गल्ल्याखाली ठेवलाय, टाकलेला नाही, असे दोनदा सांगितले.

सरकारचा तो मसुदाही पुढे मसुदाच राहिला.

बोर्ड अजून आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाचा नगरपालिकेचा दिवा कित्येक महिने बंद आहे, त्यामुळे संध्याकाळी देवळातून येताना मी त्या बोर्डाच्याच उजेडात रस्ता ओलांडते. सदा टपरीतून बाहेर येतो आणि माझा हात धरतो.